किती आलं?

मानेचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या कॉटच्या कडेला एक पारदर्शक डबा लटकलेला असतो. त्वचेतून बाहेर आलेली बोटापेक्षा बारीक नळी त्या डब्यात उतरते. पहिल्या दिवशी नळीत लाल द्रव असतो, मग तो गुलाबी होतो आणि सगळं नीट चाललं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेंढ्याच्या रंगावर येतो. वॉर्डातले सगळे या डब्यालाच प्रश्न विचारतात. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ड्युटी सोपवताना सांगते : उजवा चाळीस, डावा पंचावन्न, रंग फिका. ज्युनियर डॉक्टर फोनवर सरांना हेच आकडे देतो. बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसलेले नातेवाईकही, पेशंट कसा आहे हे विचारायच्या आधी, विचारतात, "आज किती आलं?"

आमच्या राजेंद्र नगरात हा प्रश्न मराठीत विचारला जातो. होळकरांच्या इंदुरात मराठी माणूस इतरत्र नाही असं नाही, पण आग्रा-मुंबई रस्त्याला लागून, राऊकडे जाताना लागणारी ही वसाहत मराठी कुटुंबांची म्हणूनच ओळखली जाते. स्वतःचं छोटं रेल्वे स्टेशन, लता मंगेशकरांच्या नावाचं सभागृह, गणपती, गुढीपाडवा, घरोघर फिरणारे दिवाळी अंक. जवळच माणिकबाग रस्त्यावर १९७९ पासूनचं चोइथराम हॉस्पिटल, शहराच्या मध्यात महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे इंदूरकरांचं 'एमवाय'. खासगी नर्सिंग होम तर पावलोपावली. त्यामुळे गल्लीत कोणाचं थायरॉइड निघालं, कोणाच्या जबड्याचं ऑपरेशन झालं, ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचतेच. आणि बातमीबरोबर मिलिलिटरचा आकडाही.

या आकड्याबद्दल आणि तो ज्या हातांनी मोजला जातो त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. ऑपरेशन चार-सहा तासांचं असतं, त्याचं नाव सर्जनचं होतं, ते व्हावंही. पण मानेच्या बाबतीत पुढचे चोवीस तास परिचारिकेचे असतात, आणि त्याबद्दल घरचे लोक डिस्चार्ज कार्ड हातात पडेपर्यंत फारसं काही जाणत नाहीत.

आधी हे पेशंट येतात कुठून. एक मोठा गट थायरॉइडचा. दुसरा, आपल्याकडे वाढता, तोंडाच्या कॅन्सरचा. तंबाखूच्या २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत मध्य प्रदेशात ३४.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. महाराष्ट्रात हा आकडा २६.६ टक्के होता. गुटख्यावर बंदी घालणारं देशातलं पहिलं राज्य मध्य प्रदेशच : एप्रिल २०१२. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत बंदी आणली. बंदीनंतर पानाच्या टपरीवर काय झालं ते टपरीसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं : सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि ती एकत्र करायला गिऱ्हाइकाचा तळहात.

गालाचा किंवा जिभेचा कॅन्सर पहिल्यांदा पसरतो तो मानेतल्या गाठींत. म्हणून जबड्यापासून गळपट्टीच्या हाडापर्यंतच्या लसिकाग्रंथी काढायच्या, याला म्हणतात 'नेक डिसेक्शन'. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ ऑपरेशनांचा अनुभव मांडून ही पद्धत रुळवली. मात्र मानेत गाठ हाताला लागत नसेल तर मान उघडायची की वाट बघायची, हा वाद पुढे शंभर वर्षं रेंगाळला. त्यावर ठोस उत्तर मुंबईतून आलं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं पेशंट घेतले आणि २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापले : पहिल्याच ऑपरेशनात मानही साफ केली तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, वाट बघितलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. जगभरच्या सर्जनांनी हे मानलं. त्याचा वॉर्डातला अर्थ असा की तोंडाच्या लहान कॅन्सरसाठी आलेला माणूसही आता बहुधा मानेत नळी घेऊनच थिएटरबाहेर येतो.

नळी कशासाठी? मानेची कातडी मोठ्या भागावरून उचललेली असते. परत शिवल्यावर खाली पोकळी राहते, तीत रक्त आणि लस साचते. ते बाहेर काढायचं हे एक काम. पण डब्यातल्या निर्वातामुळे ओढली जाऊन कातडी खालच्या थराला चिकटून बसते, हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. आपल्याकडच्या वॉर्डांत हा डबा सहसा घड्यांचा असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. तो दाबून हवा काढायची आणि दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावायचं. मग तो सावकाश फुलत जातो आणि फुलता फुलता ओढत राहतो. पूर्ण फुलला की ओढ संपली.

सोपं वाटतं. रिकामा करायची पद्धत मात्र एकदा जवळून बघावी. सिस्टर हात धुते, हातमोजे चढवते. पेशंटच्या बाजूचा क्लॅम्प आधी बंद करते. तो उघडा राहिला तर डब्यातलं उलटं मानेकडे जाऊ शकतं. मग झाकण उघडून द्रव खुणा असलेल्या मापात ओतते, डब्यावरच्या रेषांवर विसंबत नाही, कारण फुगलेल्या डब्यावरची रेघ फसवते. माप डोळ्यांच्या रेषेत धरून वाचते. झाकणाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसते, डबा सपाट दाबते, दाबलेला असतानाच बंद करते, शेवटी क्लॅम्प उघडते. आणि मग निघून जात नाही. अर्धं मिनिट थांबते. डबा लगेच भसकन फुगला तर कुठून तरी हवा येते आहे : जोड सैल आहे, नळीचं एखादं भोक कातडीबाहेर सरकलं आहे किंवा आतून घशाशी वाट झाली आहे. घशाची वाट असेल तर दोन दिवसांत नळीत लाळही दिसू शकते, आणि ती गोष्ट फारच वेगळ्या वळणाची.

मग नोंद : वेळ, मिलिलिटर, रंग, ओढ आहे की नाही. दोन नळ्या असतील तर दोन वेगळे रकाने; बेरीज करायची नाही. बेरीज केली की डावीकडे काय बिघडलं ते कायमचं लपतं. नळीत गुठळी अडकली असेल तर ती बोटांनी हलके दाबत खाली सरकवायची, एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरून, म्हणजे टाका ओढला जात नाही. चोवीस तासांत पंचवीस-तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढायचा विचार सुरू होतो. नेमका आकडा प्रत्येक सर्जनचा आपला आपला, आणि त्यावर सर्जन लोक चहावर भांडू शकतात.

रंगाकडे वळू. लाल, गुलाबी, पिवळसर हा क्रम ठीक. पिवळसर झालेलं पुन्हा लालभडक झालं तर धोका. पण सगळ्यांत चमत्कारिक रंग पांढरा. डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी, जिथे दोन मोठ्या शिरा मिळतात, तिथे छातीतून वर आलेली एक नाजूक नलिका उघडते. आतड्यांतली चरबी घेऊन रक्तात सोडण्याचं काम तिचं. दिवसाला दोन-चार लिटर द्रव तिच्यातून वाहतो. ऑपरेशनात ती दुखावली तर, शंभरात एक-दोन पेशंटांत, हा द्रव नळीतून येऊ लागतो. क्वचित उजवीकडेही घडतं. गंमत अशी की पेशंट उपाशी असेपर्यंत तो पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा दिसतो आणि कोणाला शंका येत नाही. नाकातल्या नळीने दूध सुरू झालं की दुसऱ्या दिवशी डब्यात दूध.

मराठी घरात ही बाब समजावणं म्हणजे परीक्षा. आजारी माणसाला मऊ भात, वरण आणि वर तूप, हे आपल्या हाडात आहे. इंदुरात त्यात मावा आणि रबडीची भर. डॉक्टर सांगतात "चरबी बंद", घरचे समजतात तळलेलं बंद. मग मिक्सरमधून काढलेल्या भाताच्या पेजेत चमचाभर साजूक तूप जातं, प्रेमाने, आणि संध्याकाळी डब्यातला आकडा तिप्पट. सिस्टरने अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. डब्याकडे बोट दाखवून "हे तूप आहे, काकू" असं सांगितलं की मात्र लगेच पटतं. एका अर्थी ते तूपच असतं, पचनाच्या वाटेने आलेलं. उपाय : चरबीविरहित आहार, किंवा या नलिकेत न शिरता थेट यकृताकडे जाणाऱ्या विशिष्ट स्निग्धांशांचं खास पेय, मानेच्या मुळाशी दाब, काही वेळा इंजेक्शन. बहुतेकांचं यावर थांबतं. रोज लिटरभर येतच राहिलं तर परत थिएटर.

आता शून्य. नातेवाईकांना सर्वांत आनंद होतो तो शून्याने. "रात्रीपासून काहीच आलं नाही, सिस्टर!" आणि अनुभवी सिस्टर पहिल्यांदा डब्याकडे नाही, मानेकडे बघते. पहिल्याच रात्री शून्य आलं याचा अर्थ आत काही साचत नाही असा असू शकतो; नळीत गुठळी बसली, नळी कुशीखाली मुडपली, ओढ संपली, असाही असू शकतो. आत रक्त साचत असेल आणि बाहेर यायची वाट बंद असेल, तर कागदावरचा सर्वांत छान आकडा हा सर्वांत वाईट आकडा असतो.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर शंभरात एक-दोन जणांत असं रक्त साचतं. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत, त्यातही बराचसा भाग पहिल्या सहा तासांत. खोकल्याची उबळ, उलटी, भूल उतरताना चढलेलं ब्लड प्रेशर, एवढं निमित्त पुरतं. मान ही घट्ट पडद्यांनी बांधलेली जागा. थोडं रक्तही तिथे मावत नाही. लोकांना वाटतं गुठळी श्वासनळी दाबते. ते अर्धं खरं. त्याआधी दाब पडतो शिरांवर, रक्त परत जाईनासं होतं, आणि स्वरयंत्र आतून सुजतं. म्हणून अशा पेशंटच्या घशात नळी घालणं भूलतज्ज्ञालाही अवघड जातं. म्हणून वेळ मिनिटांत मोजायची.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि कान-नाक-घसा व थायरॉइड सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये यावर एकत्र मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यांतली खुणांची यादी वाचण्यासारखी आहे : गिळायला त्रास, सूज, श्वासाचा वेग, घशात शिट्टीसारखा आवाज, नाडी-दाबाच्या तक्त्यातला बिघाड. आणि त्याच ओळीत, त्याच वजनाने : घालमेल. पेशंट उगीच उठून बसतो, गळ्याशी हात नेतो, पांघरूण फेकतो, "काहीतरी होतंय" म्हणतो. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं, "घाबरलेत ते, झोपेची गोळी द्या." घाबरलेला असतोच तो, श्वास कमी पडायला लागलेला माणूस आणखी काय करणार? या एका शब्दासाठी त्या सूचना मराठीत आणून प्रत्येक वॉर्डात लावाव्यात असं मला वाटतं. त्या सूचनांचा दुसरा भाग धाडसी आहे : श्वास अडकत असेल तर थिएटर मोकळं होण्याची वाट न बघता कॉटवरच टाके कापायचे, जखम उघडायची, खालचे स्नायूही मोकळे करायचे, रक्त बाहेर येऊ द्यायचं. त्यासाठीची कात्री आणि बाकी साहित्य पेशंटच्या उशाशी तयार ठेवायचं. आणि हे करण्याचं शिक्षण जो जवळ असेल त्याला द्यायचं. रात्री तीन वाजता जवळ कोण असतं ते सांगायला नको.

इथे इंदूरच्या थंडीचा एक मुद्दा येतो. दिवाळीनंतर माळव्यात रात्री चांगलंच गारठतं, आणि आपली पहिली प्रतिक्रिया मफलर. ऑपरेशन झालेल्या मानेला तर नक्कीच. प्रेमाने दोन वेढे घातले की सूज दिसणं बंद. हनुवटीपर्यंत ओढलेली गोधडी, गळाबंद स्वेटर, जाड पट्टी, सगळ्यांचा दोष तोच. मान उघडी हवी, दिवा लावून बघता आली पाहिजे. उशाकडची बाजू तीस अंश वर, म्हणजे शिरांतला दाब उतरतो. पहिल्या रात्री तासातासाला येऊन दिवा लावणाऱ्या सिस्टरवर बरेच लोक चिडतात. चिडू नये. वॉर्डात कागदावर सहा पेशंटमागे एक परिचारिका असावी असा सरकारी निकष आहे. प्रत्यक्षात किती असतात ते कॉट मोजून कोणीही ताडून पाहावं. त्यातून ती तुमच्या माणसाकडे तासाला एकदा येते आहे.

मान डोळ्यांनीच बघायची तर मग नळीचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि सर्जनांनीच तो आधी विचारलेला आहे. साध्या थायरॉइड ऑपरेशनात नळी घातल्याने रक्त साचणं टळतं याला पुरावा नाही, उलट रुग्णालयातला मुक्काम वाढतो, असं उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००७ च्या कोक्रेन आढाव्यात स्पष्ट आलं. अनेकांनी तिथे नळी घालणं सोडलं. नेक डिसेक्शनमध्ये पोकळी मोठी असल्याने ती हवीच. म्हणजे नळी गरजेपुरती खरी, पण पहारेकरी म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पहारा डोळ्यांनी आणि कानांनी द्यावा लागतो.

कानांनी अशासाठी की थायरॉइडमागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा ऑपरेशनात दुखावू शकतात. शुद्धीवर आलेल्या पेशंटला सिस्टर नाव विचारते, गाव विचारते; ती चौकशी नसते, आवाजाची तपासणी असते. घोगरा आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का. १९३५ मध्ये शिकागोत अमेलिता गाल्ली-कुर्ची या ऑपेरा गायिकेचं गलगंडाचं ऑपरेशन फक्त जागा बधिर करून झालं, आणि आवाज शाबूत आहे ना हे कळावं म्हणून ती टेबलावर गात होती. नंतर तिचे वरचे सूर गेले ते याच ऑपरेशनात, अशी कथा सर्जरीच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं फिरली; पुढच्या संशोधकांनी तिच्यावर शंका घेतली. लताबाईंचा जन्म जिथे झाला त्या शहरात ही कथा जास्त लागते, एवढंच.

आणि कॅल्शियम. थायरॉइडला चिकटून, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या सुस्तावल्या की एक-दोन दिवसांनी ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना मुंग्या, मग हाताला वाक येतो. ब्लड प्रेशरचा पट्टा फुगवलेला असताना पेशंटची बोटं आपोआप आखडत आहेत असं दिसलं तर कॅल्शियम घसरलंय हे सांगायला डॉक्टरची गरज नसते. पेशंट हे आपणहून सांगत नाही, कारण मुंग्या ही तक्रार त्याला मानेच्या ऑपरेशनशी जोडता येत नाही. विचारावं लागतं.

आता घर. पूर्वी नळी निघाल्याशिवाय सुट्टी नसे. आता बऱ्याच ठिकाणी नळीसकट घरी पाठवतात. राजेंद्र नगरातल्या बंगल्यांत आणि फ्लॅटांत राहतात दोघं-दोघं म्हातारी माणसं. मुलं पुण्यात, बंगळुरूत, काही सातासमुद्रापार. आमच्या गल्लीतल्या एका काकांना असं घरी आणलं तेव्हा काकूंनी जुन्या सुती साडीची झोळी शिवली, डबा ठेवायला, गळ्यात अडकवता न येणारी, कमरेला बांधायची. ही अक्कल त्यांची स्वतःची : गळ्यात अडकवली असती तर ओझं जखमेवर आलं असतं. आकडे त्या कालनिर्णयवर लिहीत. त्याच चौकटीत दुधाचा हिशोब असे. पुण्याच्या मुलाला रोज रात्री त्या पानाचा फोटो जाई आणि एकदा तो घाबरून फोनवर विचारू लागला की दीड लिटर कसं काय आलं. दीड लिटर दूध होतं, भाऊबीजेच्या बासुंदीसाठी जास्तीचं घेतलेलं. हसून झाल्यावर काकूंनी लाल पेन आणलं : नळी लाल, दूध निळं.

घरी येणाऱ्या परिचारिकेने त्यांना तीन गोष्टी बजावल्या होत्या. रोज एकाच वेळी मोजायचं. मापासाठी औषधाच्या दुकानातलं माप आणायचं, स्वयंपाकघरातली वाटी नाही. आणि आकडा अचानक वाढला, अचानक थांबला, रंग पांढरा किंवा लाल झाला, मान एका बाजूने फुगली, ताप आला, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन. श्वासाला त्रास वाटला तर फोनही नाही, सरळ गाडी काढायची. अशा घरभेटीच्या परिचारिकेचे पैसे बहुधा खिशातूनच द्यावे लागतात. हॉस्पिटलच्या बिलात डब्याची किंमत, नळीची किंमत, हातमोज्यांची किंमत स्वतंत्र ओळीत असते. रात्रीतून वीस वेळा मानेकडे बघण्याची ओळ 'नर्सिंग चार्जेस'मध्ये कुठेतरी बुडालेली असते, आणि विमा कंपनी नेमकी तीच कापते, असा अनेकांचा अनुभव आहे.

नळी निघाली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण त्या छिद्रातून एक-दोन दिवस थोडं झिरपतं आणि काहींना कातडीखाली पाण्याची गाठ येते. सर्जन ती सुईने काढतात. त्याहून लांब चालणारं दुखणं खांद्याचं. नेक डिसेक्शनमध्ये खांदा उचलणारी नस वाचवली तरी ती हाताळली जातेच, आणि काही महिने खांदा उतरलेला राहतो, हात डोक्यावर जात नाही. केस विंचरणं, दोरीवर कपडे टाकणं, फळीवरचा डबा काढणं अडतं. नळी असेपर्यंत हात फार वर न्यायचा नाही, निघाल्यावर मात्र व्यायाम टाळायचा नाही : भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढत जायचं, रोज थोडं अधिक. काकांच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येतो, आणि काका त्यातला एक दिवस क्रिकेटच्या नावाखाली बुडवतात.